नोत्र-दाम चर्च : विध्वंस व जीर्णोद्धार यांचा इतिहास

मध्ययुगीन वास्तू हे इतिहासाचे साधन होय. मात्र प्रत्येक काळ तिचा अर्थ आपापल्या दृष्टीने लावतो. पॅरिस येथील नोत्र-दाम चर्चचे बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झाले. त्याच्या दर्शनी भागावर बायबलमधील यहूदाच्या २८ राजांचे पुतळे होते. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी त्यांना फ्रान्सचे राजे समजून त्यांचा शिरच्छेद केला. एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धारात तेथे नवे पुतळे बसविण्यात आले. २१ मूळ शिरे १९७७ मध्ये जमिनीखाली सापडली. २०१९ च्या आगीत कोसळलेला निमुळता मनोराही एकोणिसाव्या शतकातीलच होता. तो त्याच स्वरूपात पुन्हा उभारण्यात आला व डिसेंबर २०२४ मध्ये चर्च खुले झाले. सारांश, अभ्यासकाने वास्तूच्या निर्मितीइतकाच तिच्या दुरुस्त्यांचाही इतिहास तपासणे आवश्यक ठरते.