आगकाडीच्या कारखान्यांतील हनुनाश

सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत दंतनाडीविषयीं असें सांगितलें आहे कीं, रोगट दांताची उपेक्षा केल्यास ती नाडी हनूचें हाड निश्चयानें भेदते; म्हणून तो दांत समूळ काढावा. एवढ्यावरून, एकोणिसाव्या शतकांत आगकाड्यांच्या कारखान्यांत उद्भवलेला हनुनाश आमच्या प्राचीनांस ठाऊक होता, असें म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकासहि तो एकदां झाला होता. परंतु ज्या पांढऱ्या फॉस्फरसाच्या वाफेनें हा रोग होई, तो पदार्थच हॅम्बुर्ग येथील हेनिग ब्रांट यानें इ. स. १६६९ मध्यें प्रथम वेगळा केला. सबब हा पक्ष टिकत नाहीं.

या रोगाचें वर्णन व्हिएन्ना येथील लोरिन्सर या वैद्यानें १८४५ त प्रसिद्ध केलें. प्रथम दांत ठणके, हिरडी सुजे, मग पू वाहूं लागे. पुढें हाड मरून त्याचे तुकडे सुटत, आणि दुर्गंधीमुळें जवळचीं माणसेंहि रोग्यापाशीं बसेनाशीं होत. मेलेलें हाड कापून काढणें हाच बहुधा उपाय उरे. किडक्या दांतांच्या मनुष्यास भय अधिक. तेवढ्यापुरतें सुश्रुताचें निरीक्षण येथेंहि लागू पडतें. या दोषापासून मुक्त असा तांबडा फॉस्फरस त्याच नगरांत, त्याच दशकांत श्रोटर यानें सिद्ध केला होता. पण पांढऱ्याच्या काड्या स्वस्त, आणि कोठेंहि घांसल्या तरी पेटत!

लंडनच्या ब्रायंट आणि मे यांच्या कारखान्यांतील स्त्रियांनीं व मुलींनीं जुलै १८८८ मध्यें संप केला. त्याआधीं त्यांची स्थिति वृत्तपत्रांत मांडणाऱ्या अ‍ॅनी बेझंटबाई पुढें हिंदुस्थानांत येऊन राहिल्या, हें वाचकांस विदितच आहे. परंतु संशोधकानें त्याहून अधिक लक्ष द्यावें असें साल १८९८ होय. त्या वर्षीं याच मंडळीस, हनुनाशाचे सतरा रोगी सरकारास न कळविल्याबद्दल, २५ पौंड ९ शिलिंग दंड झाला. म्हणजे तोंपर्यंतच्या सरकारी नोंदींत हे सतरा जण नव्हतेच; हाडें मात्र गेलीं होतीं. दप्तरांत नोंद नाहीं, सबब तें घडलें नाहीं, असा निकाल देणाऱ्या आमच्या कित्येक पंडितांनीं हा दाखला पाहावा.

पांढरा फॉस्फरस वर्ज्य करण्याचा करार बर्न येथें १९०६ त झाला. इंग्लंडचा कायदा १९०८ चा आणि हिंदुस्थानचा १९१३ चा. जुन्या काडेपेट्या जमविणाऱ्या मित्रांनीं हें शेवटचें साल लक्षांत ठेवावें. त्यापूर्वींची पेटी हातीं लागल्यास ती कोणत्या जातीच्या काड्यांची, हें तिच्यावरील चित्राइतकेंच टिपून ठेवण्याजोगें आहे.