पटावरचे आरमार : इतिहास आणि खिलाडूपणा

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या बेळगाव-खानापूर भागात अंगणोअंगणी किल्ले उभे राहू लागतात. दगड, तांबडी माती, त्यावर ओले गोणपाट, उतारावर पेरलेली मोहरी, बुरुजांवर मातीचे मावळे आणि सर्वांत उंच जागी शिवछत्रपती. शेजारच्या कानडी घरातली मुलेही माती कालवायला येतात आणि पणत्या लागेपर्यंत घरी जायचे नाव घेत नाहीत. इतिहासाची इतकी गोड शिकवणी दुसरी नाही. मात्र तीस वर्षे हा विषय शिकवताना मला एक उणीव सतत जाणवत आली आहे. मातीच्या किल्ल्यातून रायगड कळतो, प्रतापगड कळतो. आरमार कळत नाही. कोणी सिंधुदुर्ग केलाच, तर परातीत पाणी ओतून मधोमध दगड ठेवतो, कागदाची होडी सोडतो आणि मोकळा होतो. मुलांचा त्यात दोष नाही. किल्ला जागच्या जागी उभा असतो. आरमार हा सगळा हालचालीचा, वाऱ्याचा आणि भरती-ओहोटीचा मामला आहे. तो समजायचा तर खेळूनच समजावा लागतो.

त्यातून आमचे लोंढा पडले सह्याद्रीच्या माथ्यावर. इथून गाडी कॅसलरॉकवरून घाट उतरत गोव्याच्या समुद्राकडे जाते, पण वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो सहलीतल्या एका दिवसापुरता. म्हणून काही वर्षांपूर्वी आठवी-नववीच्या मुलांना हाताशी धरून मी खांदेरीच्या १६७९ सालच्या लढाईचा एक पट तयार केला. पुठ्ठा, रंगीत कागद, बाभळीच्या लाकडाच्या सोंगट्या आणि दोन फासे, एवढाच संसार. पट करायला बसलो तेव्हा जो पेच समोर आला, तोच आजच्या लेखाचा विषय आहे. खेळ इतिहासाला धरून हवा आणि समोरासमोर बसलेल्या दोघांनाही जिंकण्याची सारखी संधी हवी. पण इतिहासातल्या लढाया समसमान होत्या कुठे?

या पेचातून सुटण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. पहिली वाट बुद्धिबळाची. सोळा मोहरी इकडे, सोळा तिकडे. चौकटीच्या वहीत जहाजे लपवून खेळायचा खेळ पुष्कळांनी तासाच्या वेळी चोरून खेळला असेल. तोही याच जातीचा. दोघांची जहाजे सारखी, समुद्र सारखा. न्याय पुरेपूर; परंतु इतिहास औषधालाही नाही. दुसरी वाट याच्या उलट. जे घडले तेच पटावर जसेच्या तसे मांडायचे. मग ज्याच्या वाट्याला दुबळी बाजू येईल, त्याने पहिल्या फाशापासून हरतच राहायचे. असा डाव मूल एकदा खेळते, दुसऱ्यांदा पटाकडे फिरकत नाही.

युरोपात या प्रश्नाशी झटलेली माणसे पुष्कळ. जॉन क्लर्क या स्कॉटिश गृहस्थाने अठराव्या शतकात टेबलावर लहान जहाजे मांडून आरमारी डावपेचांचा अभ्यास केला आणि त्यावर ग्रंथ लिहिला. तो स्वतः खलाशी नव्हता. पुढे १८९८ साली इंग्लंडात फ्रेड जेन याने आरमारी युद्धाचा खेळ काढला. जगातील युद्धनौकांची माहिती देणारे जे ‘जेन’चे वार्षिक आजही निघते, त्याचा जन्म या खेळाच्या जोडीने झाला. कोणत्या जहाजाचे चिलखत किती जाड, तोफा किती, वेग किती, हे ठाऊक असल्याशिवाय खेळ खरा होत नाही, एवढे त्याने ओळखले होते.

पण मला वाट सापडली ती आपल्याच मातीतल्या खेळात. आपल्याकडे वाघ-शेळ्यांचा डाव आहे. कानडीत त्याला आडु-हुली आट म्हणतात. देवळांच्या फरशीवर, पारावरच्या दगडावर त्याचे पट कोरलेले आढळतात. कुठे तीन वाघ आणि पंधरा शेळ्या, कुठे चार वाघ आणि वीस शेळ्या. वाघाने उडी मारून शेळी खायची. शेळ्यांनी मिळून वाघाला कोंडायचे. संख्या सारखी नाही, बळ सारखे नाही, चालही सारखी नाही. तरी हा डाव अन्यायाचा आहे असे कधी कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. कारण दोघांना जिंकायचे असते ते वेगवेगळ्या रीतीने. आपल्या वाडवडिलांनी एक मोठी गोष्ट या दगडावर कोरून ठेवली आहे. न्यायासाठी दोघांचे बळ सारखे करावे लागत नाही. प्रत्येकाला त्याच्या बळाला साजेसे उद्दिष्ट दिले की पुरते.

आता खांदेरीकडे वळू. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर हे लहानसे बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी याच्याकडून तेथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणार हे पाहून इंग्रज हादरले. सप्टेंबरात बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा एक अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार पहाटे इंग्रजांवर चालून गेले. मराठ्यांची पन्नास-साठ लहान जहाजे, इंग्रजांची आठ. त्या आठांत एकच मोठी युद्धनौका, कॅप्टन केग्विन असलेली ‘रिव्हेंज’. मराठ्यांनी ‘डव्ह’ नावाची गुराब पकडली. पण एकट्या ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे बाकीच्या आरमाराला मागे सरावे लागले. त्या दिवसापुरते पाहिले तर उघड्या समुद्रावर मराठे जिंकले असे म्हणता येत नाही.

तरीही खांदेरी मराठ्यांचीच राहिली. रात्री अंधारात, वारा पडलेला असताना, वल्ह्यांवर चालणाऱ्या लहान होड्या इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटत आणि बेटावर दाणागोटा, दारूगोळा पोहोचवीत. उथळ पाण्यात मोठ्या जहाजाला त्यांचा पाठलाग करता येत नसे. पुढे सिद्दी कासमही आपले आरमार घेऊन आला. १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारचे उंदेरी बळकावले आणि दौलतखानाला ते परत घेता आले नाही. इंग्रजांनी मात्र त्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच वेढा उठवून महाराजांशी तह केला.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की हा शुद्ध वाघ-शेळ्यांचा डाव आहे. पट मांडताना मला काही कल्पून घालावे लागले नाही. इंग्रजांची जहाजे थोडी, पण तोफेने भारी. मराठ्यांची पुष्कळ, पण हलकी. प्रत्येक फेरीला आधी वाऱ्याचा फासा टाकायचा. वारा असला तर ‘रिव्हेंज’ तीन घरे चालते आणि समोर येईल त्याला झोडपते. वारा पडला तर ती जागीच थांबते आणि वल्ह्यांची गलबते दोन घरे पुढे सरकतात. पुढील आंग्रेकालीन वर्णनांत गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा असत, असे सांगितले आहे. गुराबेच्या नाळेवर नऊ ते बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर रोखलेल्या असत. म्हणून आमच्या पटावर गुराब पुढे मारा करते, बाजूला कमी. दर तिसरी फेरी रात्रीची. ठरावीक फेऱ्या संपेतो बेटावर पुरेशी रसद पोहोचली तर मराठे जिंकले, नाही पोहोचली तर इंग्रज. किती जहाजे बुडवली याला गुण आहेत, पण थोडे. या नियमांनी डाव कधी इकडे झुकतो, कधी तिकडे. खरा इतिहास जितका बारकाईने पाळला, तितका खेळ न्याय्य होत गेला.

अडचण आली ती अभिमानाची. काही मुलांचा आग्रह होता, की आपल्या गलबतांना ‘रिव्हेंज’च्या तोडीच्या तोफा द्याव्यात. “सर, आपले आरमार काय कमी होते का?” असा त्यांचा प्रश्न. मी त्यांना सांगितले, “अरे, तोफा सारख्या केल्या तर मायनाक भंडारीची कर्तबगारी ती काय राहिली?” कमी ताकदीचे आरमार असून बेट राखले, यातच त्या माणसांचे मोठेपण आहे. अभिमानापोटी दिलेल्या खोट्या तोफा पूर्वजांचा गौरव करीत नाहीत, उलट तो हिरावून घेतात.

अशा पक्षपाताचे फळ काय, याचे एक उदाहरण जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेच्या स्वारीची तालीम पटावर केली. पंचाच्या फाशाने जपानच्या विमानवाहू जहाजांवर नऊ बाँब पडले आणि ‘अकागी’ व ‘कागा’ ही दोन्ही बुडाली असा निकाल दिला. वरिष्ठ अधिकारी उगाकी यांनी नवाचे तीन केले, ‘अकागी’ वाचवली आणि बुडालेली ‘कागा’ही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. जूनमध्ये खऱ्या समुद्रावर ही दोन्ही आणि आणखी दोन अशी चार जहाजे जपानने गमावली. फासा फिरवता येतो. समुद्र फिरवता येत नाही.

काही प्रसंग मात्र कितीही जपून मांडले तरी तुल्यबळ होत नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. एका जहाजाला लागलेली आग दाटीने बांधलेल्या तुळाजी आंग्र्याच्या साऱ्या आरमारात पसरली आणि पिढ्यांची कमाई काही तासांत जळाली. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे सांगताना वर्गात शांतता पसरते. पटावर पेशव्यांची सोंगटी इंग्रजांच्या रांगेत ठेवायला हात धजावत नाही, पण ठेवावी लागते. तेथे न्यायाचा नियम एकच उरतो. जो तुळाजीची बाजू घेईल, त्याने इतिहासात टिकला त्याहून एक फेरी जास्त टिकाव धरला, किंवा एखादी गुराब खाडीतून वाचवली, तर तो जिंकला.

आम्हा सीमाभागातल्या माणसांना याहून जवळचा प्रश्न बसरूरचा आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून पंच्याऐंशी लहान आणि तीन मोठी जहाजे घेऊन निघाले आणि केळदीच्या नायकांच्या मुलखातील बसरूर बंदर त्यांनी लुटले. परतीच्या वाटेवर गोकर्ण झाले, कारवारला खंडणी घेतली. तेथील इंग्रज वखारीनेही आपला वाटा भरला. आमच्या पुस्तकांत ही पहिली सागरी मोहीम म्हणून अभिमानाने येते. हा पट करू या असे ठरले, तेव्हा कानडी घरातल्या एका मुलीने विचारले, “सर, यात बसरूरवाले कोण होणार?” प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा. ज्या डावात एका बाजूला माणूसच बसलेला नाही, तो डाव नव्हे. आम्ही बसरूरच्या व्यापाऱ्यांना सोंगट्या दिल्या. जहाजे येण्याची खबर लागताच माल बंदरातून आत हलवायचा, हे त्यांचे उद्दिष्ट. त्या मुलीने पहिल्याच डावात निम्मी पोती वाचवली आणि मराठी मुलांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांचा मान त्याने तिळभरही उणावला नाही.

आता खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही जलदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले आहेत. पुढच्या पिढ्या ते पाहायला जातील, फोटो काढतील. पण त्या तटांखालच्या पाण्यात काय घडले हे त्यांना कळावे असे वाटत असेल, तर पालकांनी यंदा मुलांना एक पट करून द्यावा. एक नियम न चुकता पाळावा. डाव दोनदा खेळायचा आणि दुसऱ्या वेळी बाजू बदलायच्या. दोन्ही डावांचे गुण मिळून जो पुढे तो विजयी. इंग्रजांच्या बाजूला बसल्यावर मुलाला मराठ्यांची हुशारी अधिक कळते, बसरूरच्या बाजूला बसल्यावर लुटीची किंमत कळते. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या मुलांना पलीकडच्या बाजूला बसून पाहण्याची सवय लहानपणीच लागली, तर ती त्यांना पटाबाहेरही जन्मभर उपयोगी पडेल.