पोटातले पोटभाडेकरू

दिवाळीचा चौथा दिवस उजाडला की आमच्या घरी एक ठरलेला प्रसंग घडतो. चकल्या-अनरशांनी जेरीस आणलेले माझे पोट संप पुकारते, आणि सौभाग्यवती काही न बोलता पुढ्यात दहीभाताची वाटी ठेवते. लहानपणी हेच काम आजी करीत असे. ‘दही पोटाला थंड’ एवढेच तिचे शास्त्र. मला मात्र ती वाटी पाहिली की हटकून एका दाढीवाल्या पंडिताची आठवण होते. एली मेच्निकॉफ त्याचे नाव. आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यात तो १८४५ साली जन्मला.

मोठा विलक्षण माणूस! १८६९ साली त्याचे लग्न झाले तेव्हा वधू क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणावे लागले. चार वर्षे त्याने तिला जगवण्याची पराकाष्ठा केली. १८७३ साली ती मदिरा बेटावर वारली. दुःखाच्या भरात त्याने मॉर्फीन घेतले, पण मात्रा इतकी मोठी झाली की पोटाने ती ओकून टाकली. पुढे याच गृहस्थाने पोटाशी उभा दावा मांडावा, याला काय म्हणावे?

१८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असता त्याने तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिलांना गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो शरीरातल्या फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या. शरीरात शत्रूला गिळणारे शिपाई असतात हे असे कळले, आणि १९०८ साली त्याला पाउल एर्लिख यांच्या जोडीने नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी तर आपल्या ओळखीचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने हाहाकार केला तेव्हा धावून आलेले आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेणारे हाफकिन ते हेच. परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे. त्यांच्या गुरूचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही.

असो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेच्निकॉफला म्हातारपणाच्या कोड्याने पछाडले. मोठे आतडे म्हणजे सडक्या पदार्थांचे कोठार, तिथले जंतू विष तयार करतात आणि त्यानेच माणूस अकाली झिजतो, असे त्याने मनाशी पक्के केले. बल्गेरियात शतायुषी माणसे पुष्कळ आणि तिथले लोक आंबट दूध पितात, असे त्याच्या कानी आले होते. झाले! १९०४ साली पॅरिसमध्ये त्याने व्याख्यान दिले आणि युरोपात दह्याची लाटच उसळली. स्वतः तो रोज नेमाने आंबट दूध घेई.

पण या मताची दुसरी बाजू भयंकर आहे. शरीरात विष साठते हाच समज त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा होता. लंडनचे नामांकित शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. काही रोगी त्यात दगावले. तर्क मोहक होता, म्हणूनच घातक ठरला. मेच्निकॉफ स्वतः १९१६ साली, ७१व्या वर्षी गेला. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात कसून तपासले तेव्हा त्याचा लाडका बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात मुक्काम करीतच नाही, असे आढळले.

आता या जंतूंच्या कुंडल्याच उलगडल्या आहेत. जन्मपत्रिका नव्हेत, पेशीत लिहिलेली जनुकांची संपूर्ण पोथी. १९९५ साली जंतूची पहिली पोथी अथपासून इतीपर्यंत वाचली गेली. २००६ साली बल्गेरियन जंतूची पाळी आली, तेव्हा तिच्यात कितीतरी जनुके मोडकळीस आलेली निघाली. पिढ्यान्‌पिढ्या दुधात राहून त्याला बाकीच्या विद्यांची गरजच उरली नव्हती. आयते मिळत गेले आणि कसब गेले. आतड्यात तो येतो तो वाटसरू म्हणून.

खरे बिऱ्हाडकरू निराळे. त्यांतल्या एकाचे नाव बॅक्टेरॉइड्स थेटाआयोटाओमायक्रॉन. नाव घेताना जीभ अडखळते, पण काम मोलाचे. २००३ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने त्याची पोथी वाचली. पालेभाजी, कडधान्ये, भाकरी यांतला जो चोथा आपल्याला पचवता येत नाही, तो फोडण्याची हत्यारे तिच्यात पानोपानी होती. अशा जंतूंनी चोथा आंबवला की जी आम्ले निघतात, त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. १९०४ साली ज्याला उकिरडा ठरवले, ती मुदपाकखाना निघाली! २०१० साली १२४ युरोपियनांच्या आतड्यांतली जंतूंची जनुके मोजली, ती ३३ लाख भरली. माणसाची स्वतःची जेमतेम २० हजार. घर आपले खरे, पण वस्ती कुणाची जास्त?

गेल्या दिवाळीत हे सारे मी मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतीला ऐकवले. ‘म्हणजे दही उगीचच का?’ तिने विचारले. उगीच नव्हे, म्हटले. दूध न सोसणाऱ्यालाही दही बहुधा सोसते, कारण दुधातली साखर ते जंतूच फोडून देतात. पण राहत्या बिऱ्हाडकरूंना चोथा हवा.

दुसऱ्या दिवशी पानात दहीभाताशेजारी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी आली. करंज्यांचा डबा मात्र कुठे ठेवला आहे, ते काही केल्या सापडेना.