डफ, ढोलक आणि रॅप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वर्गात मी वृत्ते शिकवीत होतो. भुजंगप्रयाताचे लघुगुरू फळ्यावर मांडून वळतो, तो शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बोटांनी ठेका धरून काही पुटपुटत होता. वही जप्त झाली. शिक्षकाचा तो जन्मसिद्ध हक्कच!

रात्री घरी ती वही उघडली. पहाटेच्या गाडीसाठी जिना उतरत धावणारी आई, पाण्याच्या टँकरपुढची रांग, फलाटावरची रेटारेटी, सारे यमकांत बांधलेले होते. दोन ओळी तर खुद्द माझ्यावर होत्या! त्या वाचून आधी राग आला आणि मग ओशाळल्यासारखे झाले. कारण त्यांत ठेका कुठेही मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "हे काय रे?"

"रॅप आहे, सर."

"हे परक्यांचे थेर आपल्याला कशाला?"

पोरगा खाली मान घालून उभा राहिला. पण प्रश्न विचारून मीच अडकलो. हे परक्यांचे आहे, असे मी कशावरून म्हणालो? त्या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

रॅपचा जन्म परदेशातला, हे खरेच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने आपल्या इमारतीत नाचगाण्याची बैठक ठेवली होती. तबकड्या वाजवण्याचे काम तिचा भाऊ क्लाइव्ह याच्याकडे होते. मूळ जमैकाचा हा मुलगा पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्धीस आला. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणाऱ्यांना अधिक चेव चढतो, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर चढवून तो तेवढाच तुकडा लांबवीत नेई. त्या ठेक्यावर माणसे बोलू लागली, बोलण्यात यमके आली, आणि यमकांत आपल्या गल्लीचे दारिद्र्य, आपला राग आणि आपला तोरा आला. वाद्य विकत घ्यायला पैसे नसले तरी तोंड होतेच. रॅपचे सारे भांडवल एवढेच.

आता आपल्या अंगणात या. एका हाती डफ, साथीला तुणतुणे, मागे जी-जी करणारे सुरते, आणि पुढे उभा राहून गाण्यापेक्षा सांगण्यावरच भर देणारा शाहीर! कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. एका फडाने भेदिक लावणीतून कोडे घालायचे, दुसऱ्याने त्याच चालीत त्याचा उलगडा करायचा. उत्तर सुचले नाही तर भर चावडीपुढे मान खाली. आजची रॅपवाली मुले एकमेकांसमोर उभी राहून जी शब्दांची लढत करतात, तिला ती 'बॅटल' म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी तिला सवाल-जवाब म्हटले असते.

आणि नाक मुरडणारेही तेव्हापासूनचेच. सोलापूरचा राम जोशी शास्त्री-पुराणिकांच्या घरातला. तो तमाशाच्या फडात रमला म्हणून घराबाहेर काढला गेला, असे सांगतात. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी कुलकर्णीपण सोडून डफ हाती घेतला, तेव्हा गावाने कपाळावर हात मारला असणार. आज ते पठ्ठे बापूराव म्हणून आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात बसले आहेत. आधी बहिष्कार आणि मागाहून पुतळा, ही आपली जुनी रीत आहे.

आमच्या ठाणे-कल्याण भागाचे तर याहूनही वेगळे. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला पोहोचली, आणि तेव्हापासून ती माणसे आणून ओततच राहिली. पण त्याआधीपासून इथल्या आगरी वस्त्यांत धवलारीण होती. लग्नाचे विधी तिच्या धवल्यांवाचून पुरे होत नसत. लिहितावाचता न येणारी ही बाई शेकडो कडवी मुखोद्गत ठेवी. मागून आलेल्यांनी लोकलच्या डब्यात भजनी मंडळे उभी केली. टाळ आहेत, पखवाज नाही. मग डब्याचा पत्राच पखवाज! डोंबिवलीहून मुंबईला जाताना मी तो ठेका कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या बोटांत तो आला असेल, तर नवल काय?

याच कल्याणशी एका मोठ्या गायकाच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा. बालपण अठरा विश्वे दारिद्र्यात गेले. पुढे मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत ते साथीला गाऊ लागले आणि त्यातूनच पुढे आले. त्या काळी जयंतीच्या किंवा उत्सवाच्या मांडवात कव्वालीचे दुरंगी सामने रात्र रात्र चालत. दोन पार्ट्या समोरासमोर. एकीने डिवचायचे, दुसरीने ढोलकच्या ठेक्यावर तिथल्या तिथे परतवायचे. सभ्य म्हणवणाऱ्या घरांतली माणसे तिकडे फिरकत नसत. पण त्याच गळ्यातून 'पाऊले चालती पंढरीची वाट' आले आणि त्याच घरांतल्या सत्यनारायणाला त्यांची तबकडी लागू लागली! प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श यांनी तो वारसा पुढे चालवला.

याच कल्याणात दीपा उन्नीकृष्णन ही मल्याळी घरातली मुलगी वाढली. कॉलेजच्या वयात, २०१२ च्या सुमारास, तिने रॅपला हात घातला आणि 'डी एमसी' हे नाव घेतले. कव्वालीच्या सामन्यात निदान बाईची पार्टी असे. रॅपच्या आखाड्यात मात्र तेव्हा मुली जवळजवळ नव्हत्याच. समोर सगळे मुलगे, आणि त्यांच्या चेष्टेला ठेक्यात उत्तर द्यायचे! ती इंग्रजीत आणि हिंदीत रचते, मराठीत नव्हे; परंतु कल्याणच्या फलाटावर तरी कोणती एक भाषा चालते? १४ फेब्रुवारी २०१९ रोजी झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट झळकला, तेव्हा त्यात ओझरती का होईना, तीही दिसली. त्याच चित्रपटातील 'इंडिया ९१' या गाण्यात निरनिराळ्या भाषांचे रॅपर एकत्र आले; त्यांत एमसी मवाली आणि अमरावतीचा सौरभ अभ्यंकर यांनी मराठीचा झेंडा धरला.

कोणी म्हणेल, यात शिव्या फार, बढाई फार. खोटे नाही. पण आपल्या तमाशातही तो माल कमी नव्हता. काळाने चाळण लावली आणि दाणे तेवढे ठेवले. शिवाय या शब्दांना वजन आहे, हे राज्यकर्तेही जाणतात. १९४४ साली उभ्या राहिलेल्या अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाला पुढे सरकारी बंदीशी झुंजावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या छत्रपती संभाजीनगरच्या तरुणावर एका राजकीय रॅपवरून गुन्हा नोंदला गेला, तो आमच्या शेजारच्या अंबरनाथला. नुसत्या पोरखेळाची अशी दखल कोणी घेत नसते.

एवढे सारे पाहिल्यावर ती वही कपाटात ठेवणे मला जड झाले. आठवड्याने मी ती परत केली. म्हणालो, "माझ्यावरच्या ओळी चांगल्या जमल्या आहेत. पण आईवरचे कडवे मध्येच सोडले आहेस. ते आधी पुरे कर."

त्याने संशयाने माझ्याकडे पाहिले. "सर, ते वर्गात म्हणून दाखवायला लागेल का?"

"लागेल," मी म्हणालो, "आणि ठेका मी धरीन."

सहामाही परीक्षा आटोपली, दिवाळीची सुट्टी लागली. कडवे अजून यायचे आहे. मी मात्र टेबलावर बोटांचा सराव करीत आहे. घरातली मंडळी हसतात. हसोत बापडी!