केसभर अंतर

नागपुराहून रायपुराकडे जाणारा जुना मार्ग ज्या अरण्यप्रदेशातून जातो, त्यात सडक अर्जुनी हे गाव लागते. गावाने 'सडक' हा शब्द नावातच धारण केला आहे. नवेगाव आणि नागझिरा ही सुप्रसिद्ध वने याच टापूतली. अशा झाडीपट्टीत बंदूक ही वस्तू अपरिचित राहणे शक्यच नव्हते. प्रथम ठासणीची बंदूक, जिला भरमार असेही म्हणतात. मग परवानाधारकांसाठी ईशापूरच्या कारखान्याने काढलेली.३१५ ची शिकारी रायफल. आणि अनेक दशके पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली थ्री-नॉट-थ्री. जुनी बंदूक हाती आली की माणूस साहजिकच नळीतून डोकावून पाहतो. नळी आतून चकाकत असली म्हणजे त्याचे समाधान होते. परंतु जुन्या रायफलीची खरी जोखीम पुष्कळदा नळीत नसून नळीच्या पाठीमागे, डोळ्यांस न दिसणाऱ्या एका अंतरात असते. त्या अंतराची हकीकत आज वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडास एक उंच कड असते. काडतूस आत सरकविले की ही कड नळीच्या मागील तोंडास टेकते आणि मागून बोल्ट येऊन तिला दाबून धरतो. नळीचे मागील तोंड व बोल्टचा दर्शनी भाग यांमध्ये या कडेसाठी जी जागा उरते, तिला कारागीर 'हेडस्पेस' म्हणतात. ती कडेपुरतीच असेल तर सारे क्षेमकुशल. ती वाढली तर काय होते पाहा. दारूचा भडका उडताच काडतुसाची पातळ पितळी भिंत फुगून नळीस घट्ट चिकटते. जाड बूड मात्र मागे बोल्टवर जाऊन आदळते. पुढचा भाग जागेवर आणि मागचा भाग चालता, अशा ओढाताणीत बुडाच्या किंचित पुढे पितळ ताणले जाते. तेथे प्रथम चकचकीत वलय दिसते, मग चीर पडते आणि अखेर काडतुसाचे दोन तुकडे होतात. पुढचा तुकडा आत अडकला तर दुसरे काडतूस बसत नाही. आणि तप्त वायू मागे फुटला, तर नेम धरणाऱ्याचा गाल व डोळा तेथून वीतभर अंतरावरच असतो.

हे वैगुण्य त्या रायफलीत आले कसे? स्कॉटलंडात जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली या कल्पक गृहस्थाने आपल्या बोल्टची कुलपे पुढे न ठेवता मागे ठेविली. त्यामुळे बोल्ट चालविणे विलक्षण जलद व सोपे झाले. १८८८ साली ही रचना मेटफर्डच्या नळीसह ब्रिटिश फौजेत आली. पुढे कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा झिजू लागल्या, तेव्हा १८९५ साली एनफील्डची नळी जोडण्यात आली आणि ली-एनफील्ड हे नाव रूढ झाले. परंतु कुलपे मागे असल्यामुळे प्रत्येक बाराबरोबर लांब बोल्ट किंचित दबतो व सांगाडा किंचित ताणतो. हजारो बारांनंतर ते केसभर अंतर वाढलेले आढळते.

तथापि हे शैथिल्य म्हणजे निव्वळ दोष, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅनडाची रॉस रायफल बिस्लीच्या नेमबाजीच्या मैदानावर मोठा लौकिक मिळवून होती. तिची मापे नेटकी, घट्ट. पण १९१५ साली ईप्रच्या चिखलात तीच रायफल अडू लागली आणि सैनिक तिला टाकून ली-एनफील्ड उचलू लागले. ली-एनफील्डमध्ये काडतुसाची जागा सैल असल्याने मळलेले काडतूसही आत जाई. दुसरे नवल असे की, तिच्या सांगाड्याची लवचिकता दूरच्या पल्ल्यावर उपकारकच ठरे. मंद निघालेली गोळी नळीच्या कंपनामुळे किंचित वर फेकली जाई आणि वेगवान गोळीच्या जवळपासच लक्ष्यावर पोहोचे. गुण आणि अवगुण एकाच मुळातून फुटतात, ते असे.

म्हणून प्रश्न सैलपणाचा नसून त्याच्या मर्यादेचा आहे. आणि ही मर्यादा ठरविण्याची सोय कर्त्यांनी करून ठेविली होती. शस्त्रकारागिराजवळ पोलादी मापे असत. ०.०६४ इंचाच्या मापावर बोल्ट मिटलाच पाहिजे आणि ०.०७४ इंचाच्या मापावर तो मिटता कामा नये. या दोहोंतील फरक उण्यापुऱ्या तीन-चार केसांच्या जाडीचा! अंतर वाढले तर नवी रायफल घेण्याचे कारण नव्हते. कारण बोल्टचे डोके निराळे असून ते आट्यांनी बसविलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील चौथ्या क्रमांकाच्या रायफलीसाठी ही डोकी शून्यापासून तीनपर्यंत चढत्या लांबीची मिळत. एक काढून पुढचे बसवावे व पुन्हा माप घ्यावे. जुन्या नमुन्यात असे क्रमांक नव्हते. तेथे अनेक डोक्यांतून जुळेल ते निवडावे लागे. सर्वांत लांब डोके बसवूनही मोठ्या मापावर बोल्ट मिटत असेल, तर कुलपांच्या खोबणीच झिजल्या असे समजून त्या रायफलीस निवृत्ती द्यावी. शिवाय आतील तेल वा पाणी पुसून घ्यावे. कारण ओल्या काडतुसाची नळीवरची पकड सुटते आणि बोल्टवरचा भार वाढतो. आमच्या झाडीपट्टीतील पावसाळा ज्याने पाहिला आहे, त्यास या सूचनेचे महत्त्व सांगावयास नको.

असे असूनही पुष्कळ रायफली बिघडल्या त्या वापराने नव्हे, तर अदलाबदलीने. प्रत्येक बोल्ट आपापल्या सांगाड्याशी जुळवून त्यावर तोच क्रमांक ठोकलेला असतो. सुरक्षेसाठी बोल्ट काढून वेगळे ठेविले आणि परत बसविताना क्रमांक न पाहता हाती लागेल तो घातला, की कारागिराचे सारे श्रम वाया जातात. बोल्ट तर मिटतो. म्हणून कोणास शंकाही येत नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापुरास याच जुन्या घाटाची ७.६२ मिलिमीटरची रायफल, अधिक चांगले पोलाद वापरून, तयार होऊ लागली. तिच्या काडतुसास उंच कड नाही. ते खांद्यावर टेकते. म्हणजे तिची मापेही वेगळी. रूप सारखे म्हणून नियमही सारखा मानणे हा आणखी एक घोटाळा.

आपल्याकडे ही दक्षता परकी आहे असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरापासून दूर असावा, अशी ताकीद आहे. शौर्याच्या कथा आपण आवडीने सांगतो. शौर्याची हत्यारे नीट राखणाऱ्यांच्या कथा सहसा कोणी सांगत नाही.

१९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर होते. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्षही तेच झाले. सभागृहाची शिस्त सांभाळणाऱ्या या मराठी गृहस्थाचे नाव आज नेमबाजीच्या अखिल भारतीय स्पर्धेस आहे, हा योग आम्हांस सूचक वाटतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. त्यांच्या हातची .२२ ची रायफल अत्याधुनिक खरी; पण तिचे चिमुकले काडतूसही बुडाच्या कडेवरच टेकते. तेथे केसभर अंतराने गुण जातो, जुन्या रायफलीत डोळा जाऊ शकतो, एवढाच काय तो फरक.

तेव्हा कोणाच्या घरी किंवा एखाद्या संस्थेच्या कोतात जुनी रायफल असेल, तर तिच्या नळीची चकाकी पाहून संतुष्ट होऊ नये. बोल्टवरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि जाणत्या कारागिराकडून ते अंतर मोजून घ्यावे. ज्याच्या हाती आपण हत्यार देतो, त्याने आपल्यावर टाकलेला विश्वास त्या अंतरातच राहत असतो.