आश्रयवनस्पती आणि कीटकांची जातिनिर्मिती : पंचवटीच्या संदर्भात

भिन्न वनस्पतींवर वाढणाऱ्या एकाच कीटकाच्या प्रकारांतून नव्या जाती निर्माण होतात, असे मत बेंजामिन वॉल्श यांनी १८६४ मध्ये मांडले. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये भौगोलिक विलगीकरणावर भर दिल्याने ते मागे पडले. १९८८ मध्ये मात्र हॉथॉर्न व सफरचंदावरील फळमाश्यांत जनुकीय भेद आढळून आला.

नाशिकच्या पंचवटीचे नाव परंपरेनुसार पाच वडांवरून पडले. वडाचे परागण यूप्रिस्टिना, पिंपळाचे प्लॅटिस्कापा, तर उंबराचे सेरॅटोसोलेन या प्रजातींतील सूक्ष्म गांधीलमाश्या करतात. त्यांच्या अळ्या त्याच फळांत पोसतात. तथापि या प्रजाती प्राचीन काळीच विभक्त झाल्या. त्यामुळे त्यांचे आजचे सान्निध्य हा एकाच स्थळी झालेल्या जातिनिर्मितीचा पुरावा ठरत नाही. निरीक्षणास जनुकीय इतिहासाची जोड अपरिहार्य ठरते.