हत्तीवाचून हत्तीबेट

घारापुरीला एलिफंटा हे नाव देणारे पोर्तुगीज फार कल्पक होते असे म्हणवत नाही. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख त्यांना तोडून दिला, आणि पुढे केव्हातरी ते या बेटाच्या धक्क्याला लागले. समोर काळ्या पाषाणाचा एक भला थोरला हत्ती उभा होता. झाले! बेटाचे नाव हत्तीबेट. बेटावरची माणसे मात्र आपले घारापुरीच म्हणतात, आणि त्यांना तो अधिकार आहे.

मौज अशी की ज्याच्यावरून हे नाव पडले तो हत्ती आज बेटावर नाही. आणि लेणे कोणी खोदवले हे जिच्यावर कदाचित लिहिलेले असेल ती शिळाही नाही. मुलांना घेऊन घारापुरीला जाणाऱ्या बापाने या दोहोंची उत्तरे घरूनच तयार करून न्यावीत. मुले तिसरे काही विचारतच नाहीत.

आम्ही नाताळच्या सुटीत गेलो. थोरली सात वर्षांची, धाकटा चार, सौभाग्यवती आणि पुऱ्या-बटाट्याच्या भाजीचा डबा. गेटवेपासून लाँचने तासाभराचा रस्ता. कुरव पक्ष्यांचा थवा लाँचच्या मागे लागला होता, आणि गाठ्या उधळणाऱ्या उतारूंच्या हातांवर झेप घेत होता. मुलांच्या अंगात फुगीर जाकिटे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर एका लाँचला अपघात होऊन कितीतरी माणसे दगावली. त्यामुळे धाकट्याने जाकीट काढायचा हट्ट धरला तेव्हा त्याची आई जे बोलली, ते मी मध्ये न पडता ऐकून घेतले. धक्क्यावर उतरल्यावर छोटी आगगाडी, मग शे-सव्वाशे पायऱ्या, दुतर्फा दुकाने, वर माकडे. आमची एक काकडी माकडाने नेली. मुलांच्या लेखी सहल तेथेच सार्थकी लागली.

आत शिरल्यावर मात्र दोघेही गप्प झाली. बाहेरचे ऊन एकदम मागे पडते, खांबांच्या रांगा अंधारात चालत जातात, आणि पार दक्षिणेच्या भिंतीत ती तीन मुखे दिसू लागतात. अठरा-वीस फूट उंचीची मूर्ती, पण खांदे आणि मुखे एवढीच. बाकीचा देव डोंगरातच राहिला आहे. आपण तिला त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश अशी वाटणी करून मोकळे होतो. अभ्यासकांच्या मते ही तिन्ही मुखे एकट्या शिवाचीच: मधला तत्पुरुष, आपल्या डाव्या हाताला अघोर आणि उजव्या हाताला वामदेव. धाकट्याला हे कोणी सांगायची गरज पडली नाही. अघोराकडे बोट करून तो म्हणाला, "हा रागावलाय," आणि आईच्या मागे गेला. थोरली बराच वेळ मधल्या मुखाच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, हे कोणी केलं?"

माझ्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे: पांडवांनी, एका रात्रीत. पुढे कोंबडा आरवला म्हणून काम अर्धे राहिले. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक लेण्याला हे उत्तर चालते. पोर्तुगीज बखरकार दियोगु दु कोतु याला येथे बाणासुराची आणि त्याच्या मुलीची गोष्ट ऐकायला मिळाली होती. गोष्टी गोड आहेत. पण मास्तराने मुलीला त्या उत्तर म्हणून द्याव्यात हे मला पटत नाही. पांडवांचे नाव घेतले की छिन्नी धरणाऱ्याचा हात दिसेनासा होतो.

खरे उत्तर तुटक आहे. त्याच कोतुने लिहून ठेवले आहे की लेण्याच्या दारावर अक्षरे कोरलेली एक शिळा होती. पोर्तुगीजांनी ती काढली आणि त्यांचा राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवली. राजाने ती वाचून घेण्याची खटपट केली, कोणाला वाचता आली नाही, आणि पुढे शिळाच गडप झाली. आज ती सापडती तर आपल्याकडचा एखादा लिपिज्ञ दुपारच्या चहाआधी वाचून देता.

मग उरतात नाणी. या बेटावर तांब्याची जी जुनी नाणी सापडली, ती कलचुरी राजा कृष्णराज याची समजतात; म्हणजे सहाव्या शतकाचा मध्य. त्याची चांदीची नाणीही मिळतात, त्यांच्यावर नंदी असतो आणि राजा स्वतःला परममाहेश्वर म्हणवतो. लेणे कलचुरींच्या काळचे असावे, हे मत महामहोपाध्याय मिराशींसारख्या पंडिताने मांडले. तांब्याची हलकी नाणी येथे का पडावीत, यावर काही अभ्यासकांचा तर्क असा की ती पाथरवटांची मजुरी असावी. मला हा तर्क फार आवडतो. थोरलीला मी तोच सांगितला: ज्यांनी हे केले त्यांना संध्याकाळी पैसे मिळत, आणि एखाद्याच्या कनवटीचे नाणे पडले असेल. "मग त्याला घरी ओरडले असतील," ती म्हणाली. पांडवांना कोणी ओरडत नाही. तिचा कारागीर त्या क्षणी माणूस झाला.

दुसरा प्रश्न अवघड होता. नटराजाचे हात, द्वारपालांचे पाय, पुष्कळ काही मोडले आहे. शेजारून एक वाटाड्या आपला घोळका घेऊन जात होता. त्याने "परकीयांनी फोडले" एवढ्या दोन शब्दांत निकाल लावला. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. १७१२ साली कॅप्टन पाइक या इंग्रजाने येथली हकीकत लिहिली. त्यात तो म्हणतो की पोर्तुगीज पावसाळ्यात लेण्यात गुरे बांधत. आणि त्यांच्यातल्या एका सरदाराने आतला प्रतिध्वनी ऐकायची हौस म्हणून तोफ डागली, त्यात खांब मोडले. द्वेषाने फोडलेले समजते तरी. हौसेने फोडलेल्याचे करायचे काय? मी हे सांगत असतानाच धाकट्याने तोंडाशी हात धरून "कूऽऽ" केले, आणि लेणे त्याला उलट "कूऽऽ" म्हणाले. त्याच्या आईने त्याला आवरले. मी काही बोललो नाही. शिवाय सगळेच काही माणसांनी मोडले नाही. डोंगरातून झिरपणारे पाणी दर पावसाळ्याला आपले काम करीतच असते.

या लेण्याचे नाव १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. जगभरचे लोक येऊ लागले, पण पायथ्याच्या वाड्यांत समुद्राखालून तारा टाकून कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडले. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग अंधार. ज्या बाईकडून आम्ही ताक घेतले तिने हे सांगितले ते तक्रारीच्या सुरात नव्हे.

हत्तीची हकीकत मी परतीच्या लाँचवर सांगितली. १८१४ साली त्याची मान आणि डोके गळून पडले. १८६४ साली त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. यारीने उचलताना साखळी तुटली आणि दगडाच्या ढिगाऱ्याखेरीज काही उरले नाही. ते तुकडे मुंबईत आणून ठेवले, आणि १९१४ साली जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत हत्ती पुन्हा उभा केला. साखळी तुटली हे ऐकून धाकट्याने टाळ्या पिटल्या. "तुटली म्हणून राहिला," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी हट्टाने राणीच्या बागेत जावे लागले. हत्ती ज्या संग्रहालयाच्या अंगणात आहे त्याला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. याच भाऊ दाजींनी अजिंठ्याचे शिलालेख वाचून काढले. मुलांना त्यात रस नव्हता. ती दोघे हत्तीच्या अंगावरचे सांधे मोजत होती, आणि दोघांचा आकडा काही केल्या जुळत नव्हता.